माझ्या पाठीवरची चिखलाची रेघ

बसा, पण जरा जपून. माझे तीन पाय सागाचे आणि चौथा आंब्याचा, म्हणून मी डावीकडे कलते. करावे गावच्या धक्क्यावर होडीची वाट बघणाऱ्यांसाठी ठेवलेली जुनी खुर्ची, ती मीच. होडीला अजून अवकाश आहे, तोवर माझी हकीकत ऐका. कौतुकाची नाही हं. ऐकता ऐकता तुम्हालाही खाली बघावंसं वाटलं, तर मला जरा सोबत होईल.

मूळची मी पडावाची फळी. मिठाची पोती वाहणारा तो पडाव मोडीत निघाला आणि शेजारच्या पावणे गावच्या गोटीराम सुतारानं मला घरी नेलं. गोटीरामचं काम होड्या दुरुस्त करायचं. खुर्ची करायची म्हटल्यावर तो आधी हसला. खुर्ची सांगितली होती वामननं. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत नुकताच लागलेला हा पोरगेला माणूस, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा लावणारा.

"मिटली की काखेत मावली पाहिजे," वामन म्हणाला.

"सायेब, सरकारात खुर्च्या सरल्या काय?"

"आहेत हो. पण त्यांच्यावर साहेब बसतात. ही मला लोकांसाठी हवी."

गोटीरामनं रंधा थांबवून त्याच्याकडे पाहिलं. असलं बोलणं त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी तर ते ऐकून फुगूनच गेले. वाटलं, बघा, आपला जन्म कसल्या थोर कामासाठी झालाय!

ते साल एकोणीसशे सत्तावन्न. वामनचं काम असं, की खाडीकाठच्या गावांत जायचं, गावाला सगळ्यात आधी काय हवंय ते विचारायचं आणि कचेरीला कळवायचं. एका गावाला एकच काम मंजूर व्हायचं. म्हणजे विचारण्यात चूक झाली की गेलं सगळं, दुसरी संधी कधी येईल कोणास ठाऊक.

वामन मनानं फार चांगला. त्याला एकाच गोष्टीचा तिटकारा होता. साहेब खुर्चीवर आणि गाव भुईवर, हे त्याला बघवत नसे. म्हणून त्यानं ठरवलं होतं, आपण चटईवर बसायचं आणि सांगणाऱ्याला खुर्ची द्यायची. इतका सरळ विचार, त्यात वाकडं काय निघणार?

करावेला आम्ही भर भरतीत आलो. पाणी गावाच्या अंगणापर्यंत चढलेलं. होडी काठाला टेकली, वामननं पाय टाकला तो कोरड्या जमिनीवर. काठावर गावचे रामचंद्र उभे होते. स्वतःची मोठी होडी, चार माणसं कामाला, शब्दाला वजन. वामननं त्यांना विचारलं, "उतरायला काही अडचण नाही ना इथं?"

"कसली अडचन? आताच उतरलाव ना तुमी!" रामचंद्र हसले. वामनही हसला आणि मला काखेत घेऊन चालू लागला.

चावडीत शिरल्या शिरल्या त्याचं लक्ष कोनाड्यातल्या मडक्याकडे गेलं. मडक्यात शिंपल्या होत्या, प्रत्येकीवर वेगळी खूण कोरलेली.

"हे काय?"

"घरटी एक शिंपली," रामचंद्र ऐटीत म्हणाले. "खाडीत डोल, म्हंजे मासळीची जाळी, लावायच्या जागा वाटतो आमी यातून. नव्या वर्साला गावात जी नवी सून आली असंल, ती हात घालते. तिला अजून कोनाची खून ठावूक नसते ना! मागल्या साली आमच्या गोजरानं काढल्या."

"आणि शिंपल्या नसत्या तर?"

"तर काय? जो आदी येऊन बोंबलंल, त्याची जागा. मंग बाकीच्यांनी काय चिखल खायाचा?"

"छान पद्धत आहे," वामन म्हणाला, आणि मडकं परत कोनाड्यात ठेवून दिलं. दिवसभर ते मडकं त्याच्या डोक्यावरच्या कोनाड्यात होतं, आणि माझ्याही. आम्हा दोघांपैकी एकालाही काही सुचलं नाही.

दवंडी पिटली गेली. ज्याला गावासाठी काही सांगायचं असेल, त्यानं चावडीत यावं, सगळ्यांना मुभा आहे. मला मधोमध मांडलं. वामन चटईवर बसला. गावची वडीलधारी मंडळी भिंतीला टेकून बसली.

पहिले रामचंद्रच माझ्यावर बसले. मग दुकानवाले देवजी. मग आणखी दोन होडीवाले, मग मिठागरावरचा मुकादम. ऐसपैस बसायचे, पायावर पाय टाकायचे, आणि वर बघायचे. वर चावडीचं छप्पर गळकं होतं. झावळ्यांतून आभाळ दिसायचं.

"गावाला सगळ्यात आधी काय हवं?"

"हे काय, बगा ना वरती! चावडीला कौलं पायजेत."

"कौलं. आनि म्होरं बसाला कट्टा."

"कट्टा जालाच पायजे, सायेब."

चावडीत बसवून विचारलंत तर दुसरं काय ऐकू येणार हो? पण हे शहाणपण मला आज सुचतंय. त्या दिवशी मी खुशीत होते. एकामागून एक माणसं एकच गोष्ट सांगत होती, वामनची मान आनंदानं डोलत होती. एवढं एकमत त्याला कुठल्याच गावात मिळालं नव्हतं.

मधेच एक वेळ अशी आली, की मी रिकामी होते. तेवढ्यात खांबाआडून एक बाई पुढं झाली. डोक्यावर पदर, पायांवर वाळलेला चिखल, आणि पोट चांगलंच पुढं आलेलं. हीच ती गोजरा, रामचंद्रांची सून. उभं राहून राहून तिची कंबर दुखत असावी, एक हात तिनं मागं कंबरेवर धरला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. काय सांगू तुम्हाला! आजवर कोणी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

"या ना ताई," वामन अगदी गोडीनं म्हणाला. "बसा खुर्चीवर. काय सांगायचंय?"

गोजराची नजर सासऱ्याकडे गेली. सासरा भुईवर. साहेब भुईवर. गावचे सगळे जाणते भुईवर. आणि वर मी, मधोमध. देवजी खो खो हसले. "बस गो, बस! रानी हो गावाची!"

सगळी चावडी हसली. गोजराच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिनं पदर आणखी पुढं ओढला आणि आली तशी मागं फिरली. वामनला वाटलं, सासऱ्याला जेवायला बोलवायला आली असेल. तो पुढच्या माणसाकडे वळला.

मला मात्र कसंतरी झालं. मी रिकामी होते, ती थकलेली होती, आणि तरी ती निघून गेली. बसायला केलेल्या वस्तूला याहून लाजिरवाणं ते काय असणार? मग मीच स्वतःची समजूत घातली, की तिला सांगायचं असतं तर सांगितलं असतं तिनं. किती सोयीचं असतं ना, असं म्हणणं?

दुसऱ्या दिवशी वामनचं काम संपलं. गावाचं म्हणणं एकमुखानं ठरलं, चावडीला कौलं आणि कट्टा. त्याला ठाण्याला परतायची घाई होती.

"वहोटी लागलीय सायेब," रामचंद्र म्हणाले. "भरती येवं द्या. आमी वहोटीला कदी निगत नाय."

"ती पलीकडे नेणारी होडी दिसतेय की समोर, पाण्यात. तेवढं चालत जातो."

आणि निघाला ना शहाणा, मला खांद्यावर टाकून! समोर होडी दिसत होती खरी, पण मधे खाडीचं पोट उघडं पडलं होतं. काळा, गुळगुळीत, चकाकणारा चिखल. चार पावलं बरी गेली. मग घोटा गेला, मग गुडघा. वामननं घाबरून पाय उपटायला जोर लावला, तसा दुसरा पाय मांडीपर्यंत आत. त्यानं मला घाईघाईनं उघडून समोर रोवलं आणि माझ्यावर भार टाकला. मी काय त्याला सावरणार? माझे चारी पाय बघता बघता गेले, बैठक गेली, चिखल पाठीच्या मध्यावर आला. मिठाच्या पडावाची फळी मी, पाण्यावर तरंगायची सवय. चिखलानं माझी सगळी ऐट गिळली.

"हलू नको! ए सायेब, हलू नको!"

पलीकडून बायकांची रांग येत होती. डोक्यावर रिकाम्या पाट्या. सकाळच्या ओहोटीला त्या मासळी घेऊन होडीपर्यंत गेल्या होत्या, पलीकडे विकून आता संध्याकाळच्या ओहोटीत परतत होत्या. पुढं चंद्राबाई, रामचंद्रांची बायको, आणि मागं गोजरा.

"पाय उपटू नको रं बाबा, आडवा हो! लाज सोड आनि निज चिखलात!" चंद्राबाई ओरडल्या. "गोजरा, तू लांब ऱ्हा गो. तुला वाकाचं नाय."

वामन आडवा झाला. बायकांनी पाट्या पालथ्या घालून त्याच्यापर्यंत वाट केली आणि त्याला काखेत धरून ओढून काढला. चष्मा काळा, सदरा काळा, तोंडात चिखल. गोजरानं पदराच्या टोकानं त्याचा चष्मा पुसून त्याच्या हातात दिला.

"तुम्ही रोज इथून जाता?" वामननं विचारलं.

"नायतर काय उडून जाताव?" चंद्राबाई म्हणाल्या. "होडीवाल्यांला भरती लागते. बाजाराला भरती कुठं ठावूक हाय! बाजार भरला की आमाला जावाच लागतंय."

"अशा दिवसांतसुद्धा?" वामन गोजराच्या पोटाकडे न बघता म्हणाला.

"मागल्या फेरीला पडली व्हती," चंद्राबाईंचा आवाज एकदम खाली आला. "पाटी सोडली म्हनून वाचली. आता देवाच्या हाती. इथं दगडांची वाट जाली असती..."

"अहो, मग सांगायला का नाही आलात? मी दवंडी दिली होती. कोणीही यावं म्हटलं होतं. बसायला खुर्चीसुद्धा ठेवली होती!"

चंद्राबाईंनी चिखलात रुतलेल्या माझ्याकडे बोट केलं.

"हीच ना ती? सासरा भुईवर आनि सून हिच्यावर चढून बसंल? तुमी सरकारचं मानूस खाली, आनि आमी तुमच्या वरती? भुईवर बसा म्हनाला असता तर बसलो असतो रं बाबा. सायेब, आमाला काय लाज नाय?"

त्या क्षणी चिखल आणखी वर आला असता तर बरं झालं असतं. लोकांसाठी केलेली मी! आणि मीच उंबऱ्यासारखी आडवी पडून राहिले होते. ज्यांना माझ्यावर बसायचा संकोच नव्हता, तेवढेच आत आले, बाकीचे बाहेरच्या बाहेर परतले. पाचर मारून मला तिथंच मोडून टाकलं असतं तरी मी चूं केलं नसतं.

वामननं मला हलवून हलवून बाहेर काढलं आणि होडीकडे न जाता गावाकडे वळला. चावडीत मंडळी अजून गप्पा छाटत होती. चिखलानं माखलेला साहेब बघून देवजींचा हसायला उघडलेला जबडा तसाच राहिला.

"मी चुकीचं विचारलं," वामन म्हणाला. मान खाली होती. "मला पुन्हा विचारावं लागेल."

रामचंद्र ताडकन उठले. "म्हंजे आमी खोटं बोललाव?"

"नाही हो. कोणी खोटं नाही बोललं. जे आले ते खरंच बोलले. पण जे आले नाहीत, त्यांचं खरं राहून गेलं." मग त्यानं वर पाहिलं, कोनाड्याकडे. "रामचंद्रकाका, काल तुम्हीच मला सांगितलंत. जो आधी येऊन बोंबलेल त्याची जागा झाली, तर बाकीच्यांनी चिखल खायचा. मी तेच केलं. मडकं डोक्यावर असताना केलं."

मडकं खाली आलं. त्या वर्षीची नवी सून सरस्वती नावाची, तिला बोलावलं. तिनं पदर सावरत मडक्यात हात घातला आणि जेवढ्या घरी जाणं जमणार होतं तेवढ्या शिंपल्या एकेक करून काढल्या. ज्याची शिंपली निघेल त्याच्या घरी वामन स्वतः जाणार, घर बंद असेल तर पुन्हा जाणार, आणि घरातल्या बायकांनाही विचारणार, असं ठरलं. "पन लोकांना बोलायची हौस नसली तर?" देवजी कुरकुरले. "हौस असलेल्यांचं ऐकून झालंय," वामन म्हणाला.

मला तो बरोबर घेऊन फिरला, पण आत नेलं नाही. अंगणात मिटून ठेवायचा आणि स्वतः चुलीपासच्या भुईवर जाऊन बसायचा. भिंतीआडून मला ऐकू यायचं. पहिल्यांदा नुसतं "काय नाय सायेब, बरं हाय." मग चहा. मग थोडी गप्पागोष्ट. मग हळूच एखादी बाई म्हणायची, "तो चिखल..." आणि मग धरण फुटल्यासारखं बोलणं. कोणाचा पाय कालवांच्या शिंपल्यांनी चिरलेला. कोणाची पाटीभर कोळंबी वाहून गेलेली. एका घरी म्हातारी नुसतीच रडली. कौलांचं नाव दोनतीन घरांत निघालं, तेही आठवण केल्यावर.

रामचंद्रांच्या घराची शिंपली काही निघाली नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वामनला जेवायला बोलावलं, जरा टेचातच. मी त्यांच्या ओटीवर टेकून उभी होते. पाठीवर चिखल वाळून पांढरी रेघ उमटली होती.

"आमच्या घरात तसं कोनाचं काय म्हननं नाय," रामचंद्र म्हणाले.

"विचारलंत?"

गोजरा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. सासऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, कदाचित पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"काय गो," ते घसा खाकरून म्हणाले, "लय असतो का तिथं चिखल?"

सासऱ्यासमोर तोंड उघडायची तिला सवय नव्हती. तिनं तांब्या खाली ठेवला, माझ्यापाशी आली आणि माझ्या पाठीवरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं.

"इथवर," ती म्हणाली. आणि पदर सावरून मागं झाली.

रामचंद्र बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. माझी बैठक त्या रेघेच्या खाली होती, आणि त्या बैठकीवर ऐसपैस बसून त्यांनी कौलं मागितली होती. त्यांनी ताट बाजूला सारलं. "मी भरतीचा मानूस," ते कसेबसे म्हणाले. "मी कदी बगितलाच नाय गो." चंद्राबाईंनी आतून कडक आवाजात सांगितलं, "जेवा आता, भाताला कशाला सजा?" पण त्यांनी ताट पुन्हा पुढं ओढलं नाही. मला त्यांची लाज दिसत होती आणि मला माझी वाटत होती. त्या ओटीवर आम्ही दोघं सारखेच होतो.

वामननं धक्क्याचं काम कळवलं. जाताना मला मात्र त्यानं नेलं नाही. "ही आता कुठल्या चावडीत मांडणार नाही मी," तो म्हणाला. सरकारी कामाला वेळ लागतो, आणि गोजराच्या पोटाला तेवढा वेळ नव्हता. म्हणून चंद्राबाईंनी मला उचललं आणि जिथं होडी लागते तिथं, सगळ्यात वाईट चिखलात, दगडांच्या बेचक्यात रोवून टाकलं. पायरी म्हणून. माझ्यावर बसायला लाजणाऱ्या बायका माझ्यावर बिनदिक्कत पाय द्यायच्या. चिखलाचे, भेगाळलेले, चिरलेले पाय. गोजराचा पाय पडायचा तेव्हा मी श्वास धरून राहायचे. शेवटच्या महिन्यात रामचंद्र स्वतः ओहोटीला काठावर येऊन उभे राहायचे आणि सुनेचा हात धरायचे. गाव बघायचं. बघू दे. पोर सुखरूप झाली, पुतळा नाव ठेवलं.

पुढं धक्का झाला. दगड सरकारचे, हात गावाचे. पहिली पाटी रामचंद्रांनी उचलली. चावडी अजून काही वर्षं गळत राहिली आणि देवजी अजून काही वर्षं कुरकुरत राहिले. मला चिखलातून काढलं तेव्हा एक पाय कुजला होता. गोटीरामनं आंब्याचा बसवला आणि मला इथं, धक्क्याच्या टोकाला ठेवलं.

आता पावण्याकडे कारखान्यांच्या चिमण्या उठल्यात. गाड्यांतून नवे साहेब येतात, मांडव घालतात, लोखंडी खुर्च्यांच्या रांगा लावतात आणि म्हणतात, ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं. ते ऐकलं की माझ्या आंब्याच्या पायातून कळ जाते. बाबांनो, खुर्ची मांडा, खुशाल मांडा. पण भरलेल्या खुर्च्या बघून खूश होऊ नका. खांबाआडून कोण परत गेलं, तेवढं एकदा उठून बघून या. मला उठता येत नाही, तुम्हाला येतं.

बाकी माझं काय, दिवसभर इथं म्हातारे रामचंद्रच बसतात. काठीवर हनुवटी टेकून खाडी बघत. काल गोजरा आली, डोक्यावर भरलेली पाटी. होडीला वेळ होता. तिनं पाटी उतरवली आणि सवयीनं जरा लांब उभी राहिली. एक हात मागं कंबरेवर.

म्हाताऱ्यानं तो हात पाहिला. काठी टेकत टेकत उठला.

"बस गो."

"नको बाबा. तुमी बसा."

"लाज मला वाटाला पायजे, तुला नाय. बस."

गोजरानं आजूबाजूला बघितलं. मग पदर सावरून ती माझ्यावर बसली, अगदी टोकाला, पाहुण्यासारखी. मी करकरले. फार दिवसांचं ते करकरणं होतं.

रामचंद्र तिच्या पायापाशी धक्क्याच्या दगडावर बसले. मग ते खाडीकडे बघत म्हणाले, "काय गो, गावाला अजून काय पायजे?"

गोजरा आधी हसली. मग हळूहळू बोलायला लागली. मग नीट मागं टेकून बसली, माझ्या रेघेवर पाठ टेकून, आणि बोलतच राहिली. होडी आली, होडीवाल्यानं हाक मारली. म्हाताऱ्यानं नुसता हात वर करून त्याला थांबायला सांगितलं.